गुण औषधाचा की रानाचा? घरच्या रानात करून बघायची चाचणी

"खालच्या वीस गुंठ्यांत औषध सोडलं, वरच्या वीस गुंठ्यांत नाही. खालची हळद जास्त निघाली. आता याला आणखी काय पुरावा पाहिजे?"

काढणी संपल्यावर आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला हे विचारलं. हातात वजनाची वही होती आणि आकडे खरे होते. मी एवढंच विचारलं, की औषध नव्हतं तेव्हा, मागच्या खेपेला, कुठली बाजू जास्त पिकली होती? आबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "खालचीच. वरच्या अंगाला चोपण आहे ना." (चोपण म्हणजे क्षारानं बिघडलेली, घट्ट माती.) आणि लगेच पुढचा प्रश्न: "मग पोरी, कळायचं कसं?"

मी सांगलीत संख्याशास्त्र शिकवते. वर्गात 'हायपोथिसिस टेस्टिंग', म्हणजे गृहीतकाची चाचणी, शिकवताना फळ्यावर सूत्रं लिहून मोकळी होते. पण आबांच्या या चार शब्दांच्या प्रश्नाचं उत्तर सूत्रापासून सुरू होत नाही. ते पेरणीच्या आधी, खिशातल्या नाण्यापासून सुरू होतं. तीच रीत इथे पायरीपायरीनं लिहिते. उदाहरण हळदीचं आहे, कारण मिरज तालुक्यातलं आमचं रान हळदीचं. पण आल्याच्या कंदकुजीवरचं औषध असो, द्राक्षाचं टॉनिक असो किंवा माणसाच्या तापावरची गोळी असो, विचाराचा सांगाडा हाच राहतो.

गुण आला म्हणजे नेमकं काय झालं?

औषध दिलं आणि बरं वाटलं की आपण म्हणतो, गुण आला. या दोन घटनांच्या मध्ये निदान तीन गोष्टी लपलेल्या असू शकतात.

एक म्हणजे आपोआप बरं होणं. बत्तीस शिराळ्याच्या आसपास साप चावल्यावर मांत्रिकाकडे नेऊन बरी झालेली माणसं जुन्या लोकांना आठवतात. आपल्याकडचे बहुतेक साप बिनविषारी असतात, आणि विषारी साप चावला तरी दर वेळी विष शरीरात उतरतंच असं नाही. म्हणजे काहीच न करता वाचणारे पुष्कळ. मंत्र न घातलेल्या माणसांशी तुलना कुणी केलीच नाही, म्हणून श्रेय मंत्राला गेलं. (साप चावला तर थेट दवाखाना गाठायचा, प्रतिविष तिथेच मिळतं. यात चाचणी करायला जागा नाही.)

दुसरी गोष्ट आबांच्या रानातली: दोन बाजू मुळातच वेगळ्या होत्या. तिसरी जरा लबाड आहे. आपण औषध कधी देतो? पीक सगळ्यात वाईट दिसतं तेव्हा. दुखणं कळसाला पोचल्यावर ते खाली येण्याचीच शक्यता जास्त असते. यंदा सगळ्यात कमी पिकलेला तुकडा पुढच्या वर्षी सहसा थोडा सुधारतो, कारण यंदाच्या घसरणीत काही भाग नुसत्या दुर्दैवाचा होता. त्याच वेळी औषध सोडलेलं असलं की कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ.

या तिन्ही गोष्टींवर उपाय एकच: औषध न मिळालेला, बाकी सगळ्या बाबतीत तसाच असलेला जोडीदार.

आधी कागद, मग बाटली

औषध विकत आणण्याआधी वहीत प्रश्न लिहा. 'हे औषध चांगलं आहे का' हा प्रश्न चालणार नाही. असा लिहा: 'लावणीनंतर अमुक दिवसांनी, लेबलवरच्या मात्रेनं आळवणी केली, तर काढणीच्या वेळी ओल्या हळदीचं वजन बदलतं का?' काय मोजायचं, कधी, कुठल्या काट्यावर, हे सगळं आजच ठरवा. पाल्याचा रंग, फुटव्यांची संख्या, पानांची रुंदी, गड्ड्याचं वजन असं वीस प्रकारचं मोजमाप करून मग त्यातलं जे चांगलं दिसेल ते दाखवायचं, हा मोह फार वाईट. योगायोगाची शक्यता पाच टक्क्यांच्या खाली आली की चाचणी 'यशस्वी' म्हणायची, ही नेहमीची खूण धरली, तर औषध पाण्याइतकं निकामी असलं, तरी वीस वेगवेगळ्या चाचण्यांपैकी निदान एखादी नुसत्या योगायोगानं 'यशस्वी' दिसण्याची शक्यता चौसष्ट टक्क्यांच्या घरात जाते. म्हणून मुख्य मोजमाप एकच. बाकीची मोजा, पण ती पुढच्या वर्षीचे प्रश्न शोधण्यासाठी.

त्याच पानावर आणखी एक ओळ: किती फरक पडला तर हे औषध मला परवडेल? हा आकडा निकाल बघितल्यावर ठरवायचा नाही. निकाल बघितल्यावर मन त्याच्या बाजूनं झुकतं.

आणि शून्य परिकल्पना लिहा. अभ्यासक्रमातला हा शब्द अवजड वाटतो, अर्थ साधा आहे: 'या औषधानं वजनात काहीही फरक पडत नाही.' आपण हे खरं मानून सुरुवात करतो. नंतर बघतो, की हे खरं असतं तर आपल्याला दिसला तसा निकाल किती क्वचित दिसला असता. फारच क्वचित असेल, तर त्या मानण्यावरचा विश्वास सोडतो.

जोड्या लावणं आणि नाणं उडवणं

सगळ्या लेखात मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी पायरी ही, म्हणून इथे थोडी थांबते.

रान सारखं नसतं. कृष्णाकाठच्या आपल्या पट्ट्यात एकाच गटात काळी कसदार माती, मध्येच क्षारपड तुकडा आणि बांधाजवळ मुरूम असं सहज सापडतं. ड्रिपच्या लॅटरलच्या सुरुवातीला पाणी वेगळं आणि शेवटाला वेगळं. नारळाच्या सावलीतले वाफे वेगळे. सगळं रान एकसारखं करणं आपल्या हातात नाही. शेजारशेजारचे दोन तुकडे मात्र बरेचसे सारखे असतात, आणि आपल्याला तेवढं पुरतं.

पाच फुटांचे गादीवाफे असतील, तर वाफ्याच्या वीस फूट लांबीचा एक तुकडा धरा, म्हणजे शंभर चौरस फूट. शेजारच्या वाफ्यावरचा तसाच तुकडा त्याचा जोडीदार. अशा आठ जोड्या रानभर पसरून घ्या: चोपणात एक-दोन, चांगल्या मातीत काही, बांधाकडे एखादी. चांगल्या मातीतल्याच आठ निवडल्या तर निकाल चांगल्या मातीपुरताच राहील. औषध पाण्याबरोबर शेजारी झिरपू नये म्हणून दोन तुकड्यांमध्ये एखादी ओळ मोकळी सोडा आणि कडेची झाडं वजनात धरू नका.

आता प्रत्येक जोडीसाठी नाणं उडवा. छापा आला तर डावीकडच्या तुकड्याला औषध, काटा आला तर उजवीकडच्या. वहीत लिहून टाका आणि बदलू नका. आबांनी पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा त्यांना ते पटलं नाही. "चाळीस वर्षं रान बघतोय, मला कळत नाही का कुठं सोडायचं?" कळतं, आणि अडचण तीच आहे. कळत असलेला माणूस नकळत औषध बऱ्या तुकड्याला देतो, किंवा दया येऊन वाईट तुकड्याला देतो. नाण्याला यातलं काहीच माहीत नसतं. शिवाय नाण्याचा दुसरा उपयोग फार मोठा आहे: योगायोगाचं गणित त्यानं आपल्याला अचूक मांडता येतं. ते पुढे दिसेलच.

ही कल्पना शेतातूनच आली. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर १९१९ साली इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेड या शेती संशोधन केंद्रात रुजू झाले आणि खतांच्या प्रयोगांत तुकडे चिठ्ठ्या टाकून वाटण्याचा आग्रह त्यांनी धरला. त्याआधी, १९०८ साली, लहान संख्येच्या नमुन्यांसाठी टी-टेस्ट, म्हणजे सरासरीतला फरक तपासायची चाचणी, मांडणारे विल्यम गॉसेट डब्लिनच्या गिनेस या मद्यनिर्मिती कंपनीत कामाला होते. गृहीतक चाचणीला आजचं रूप देणाऱ्यांत नेमन आणि पिअर्सन ही जोडी येते, आणि त्यांच्या लंडनच्या विभागात १९३६ साली डॉक्टरेट मिळवणारे पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यातल्या बुध या गावचा, १९११चा. पीकविम्यासाठी रानात येऊन चौकोन आखून जो 'पीक कापणी प्रयोग' होतो, त्यात जागा यादृच्छिक पद्धतीनं निवडण्याची शास्त्रशुद्ध रीत देशात रुजवण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. वर्गात हे सांगितलं की खटाव-माणच्या मुलांचे चेहरे उजळतात आणि मलाही बरं वाटतं.

किती जोड्या? पाच पुरत नाहीत, आणि याचं कारण नाण्यातच आहे. पाच जोड्यांची वाटणी बत्तीस प्रकारे होऊ शकते. पाचही जोड्यांत औषधवाला तुकडा जिंकला, तरी तसा (किंवा पाचही हरण्याचा) निकाल योगायोगानं येण्याची शक्यता बत्तिसात दोन, म्हणजे सव्वासहा टक्के. नेहमीच्या पाच टक्क्यांच्या खाली निकाल येऊच शकत नाही. सहा जोड्या ही किमान मर्यादा, आठ बऱ्या, बारा छान.

ज्याच्या हातात काटा, त्याला माहिती नको

औषध न दिलेल्या तुकड्यालाही तेवढंच साधं पाणी सोडायचं. नाही तर फरक औषधाचा की जास्तीच्या पाण्याचा, हे कळणार नाही. दोन्ही कॅन सारखेच वापरा. खतं, भरणी, खुरपणी सगळ्यांना एकाच दिवशी. आणि काढणीच्या वेळी वजन करणाऱ्याला कुठल्या तुकड्यात काय होतं ते सांगू नका. तुकड्यांना नुसते आकडे द्या, यादी पाकिटात बंद करून घरात ठेवा. आमच्याकडे हे पाकीट आईच्या डब्यात असतं. काटा मारणारा माणूस अप्रामाणिक असतो असं नाही. गड्ड्याला चिकटलेली माती किती झाडायची, तुटलेलं हळकुंड धरायचं की नाही, अशा शंभर लहान निर्णयांत मनातली आशा वजन टाकते.

एक सूचना मी फार कळकळीनं करते. एका वाफ्यातली पन्नास झाडं म्हणजे पन्नास पुरावे नव्हेत. ती एकाच मातीत, एकाच पाण्यावर वाढलेली भावंडं आहेत. एका मोठ्या प्लॉटला औषध आणि दुसऱ्याला नाही असं करून दोन्हीकडची शंभर-शंभर झाडं मोजली, तरी खरी तुलना एकाच जोडीची. नाणं जितक्या वेळा उडवलं तितकेच पुरावे.

पाकीट उघडल्यावर

खालचे आकडे मी गणित दाखवण्यासाठी रचले आहेत, कुठल्या खऱ्या औषधाचे नाहीत. वजनं ओल्या हळदीची, किलोत. आधी साधं पाणी दिलेला तुकडा, मग औषधाचा, मग फरक.

जोडी १: २८.५, ३१.०, फरक +२.५
जोडी २: ३०.०, ३१.५, फरक +१.५
जोडी ३: २६.०, २५.०, फरक −१.०
जोडी ४: ३१.५, ३४.५, फरक +३.०
जोडी ५: २७.०, २९.०, फरक +२.०
जोडी ६: २९.५, २९.०, फरक −०.५
जोडी ७: २५.५, २९.०, फरक +३.५
जोडी ८: ३०.५, ३१.५, फरक +१.०

फरकांची बेरीज १२ किलो, म्हणजे सरासरी दीड किलो प्रत्येक तुकड्याला. आठांपैकी सहा जोड्यांत औषध वर. दुकानात हे सांगितलं तर 'रिझल्ट आला' म्हणून मोकळे होतील. आपण थांबू आणि नाण्याकडे परत जाऊ.

समजा औषध निकामी आहे. मग सातव्या जोडीतल्या तुकड्यांची वजनं २५.५ आणि २९.० हीच आली असती. नाणं उलटं पडलं असतं, तर फक्त नावं बदलली असती आणि +३.५ च्या जागी −३.५ दिसला असता. प्रत्येक जोडीचं तसंच. म्हणजे आठ नाण्यांच्या २५६ वाटण्या, सगळ्या सारख्याच शक्य. प्रश्न उरतो एवढाच: यांतल्या किती वाटण्यांत बेरीज १२ किंवा त्याहून जास्त आली असती?

मोजून बघा, कॅलक्युलेटरही लागत नाही. सगळी चिन्हं अधिक असती तर बेरीज १५. एखादा फरक उणे झाला की बेरीज त्याच्या दुपटीनं घटते. १२ च्या खाली जायचं नसेल, तर उणे झालेल्या फरकांची एकूण दीड किलोपेक्षा जास्त होता कामा नये. असं किती प्रकारे जमतं? एकही उणे नाही, हा एक. फक्त ०.५ उणे, हा दुसरा. दोन जोड्यांचा फरक १.० आहे, त्यांतली एक उणे: दोन प्रकार. फक्त १.५ उणे: एक. ०.५ आणि त्याच्यासोबत दोन १.० पैकी एक उणे: आणखी दोन. झाले सात. २५६ पैकी ७, म्हणजे २.७ टक्के.

पण औषध अपायही करू शकतं. मात्रा जास्त झाली की मुळ्या जळतात, वाढ खुंटते. 'वजन बदलतं का' असा प्रश्न आपण लिहिला होता, म्हणून उलट्या बाजूचा तितकाच टोकाचा निकालही धरायचा. १४ भागिले २५६, म्हणजे साधारण साडेपाच टक्के. ही आपली पी-व्हॅल्यू. एकाच बाजूचा प्रश्न विचारायचा असेल तर तो पहिल्या दिवशी वहीत लिहिलेला हवा. निकाल बघून साडेपाचाचे पावणेतीन करणं म्हणजे स्वतःलाच फसवणं.

हीच वजनं टी-टेस्टमधून काढू. फरकांची सरासरी १.५, त्यांचं प्रमाणित विचलन, म्हणजे फरक सरासरीभोवती किती विखुरले आहेत याचं माप, १.६. त्याला आठाच्या वर्गमुळानं भागलं की ०.५७ येतं, ही सरासरीतली अनिश्चितता. दीडला ०.५७ नं भागलं की टी येतो २.६५. आठ जोड्यांसाठी तक्त्यातला पाच टक्क्यांचा उंबरठा २.३६५. आपला टी त्याच्या वर आहे, पी सुमारे ३.३ टक्के. एक्सेलमध्ये करायचं असेल तर टी.टेस्ट या फंक्शनला दोन्ही रकाने देऊन पुढे २ आणि १ लिहा: २ म्हणजे दोन्ही बाजूंचा प्रश्न, १ म्हणजे जोड्या.

तो शेवटचा १ विसरू नका. जोड्या मोडून, आठ वजनं इकडे आणि आठ तिकडे अशी सुटी तुलना केली, तर याच आकड्यांचा टी घसरून १.२ वर येतो आणि काहीच सिद्ध होत नाही. चोपण आणि चांगल्या मातीतला फरक मध्ये घुसतो आणि औषधाचा फरक त्यात बुडतो. शेजारी जोडीदार लावल्याचं सगळं फळ त्या एका आकड्यात आहे.

साडेपाच की साडेतीन?

एका रीतीनं साडेपाच टक्के, दुसरीनं सव्वातीन-साडेतीन. नाण्याची रीत आपण प्रत्यक्ष केलं त्याखेरीज काहीच गृहीत धरत नाही. टी-टेस्ट फरकांची विभागणी घंटेच्या आकाराची आहे असं मानते आणि त्या मानण्याच्या बदल्यात थोडी धार मिळवते. कुठला आकडा खरा, असं विद्यार्थी नेहमी विचारतात. दोन्ही एकच गोष्ट सांगतात: निकाल काठावर आहे. पाच टक्के ही फिशर यांनी सोयीची म्हणून मांडलेली खूण आहे. ४.९ ला औषध लागू आणि ५.१ ला निकामी, असं कुठलंही रान वागत नाही.

आणि पी-व्हॅल्यूचा अर्थ नीट ध्यानात ठेवा, कारण शिकलेली माणसंही इथे घसरतात. साडेपाच टक्के म्हणजे 'औषध निकामी असण्याची शक्यता साडेपाच टक्के' नव्हे. औषध निकामी असतं तर इतका किंवा याहून टोकाचा फरक दिसण्याची शक्यता साडेपाच टक्के, एवढंच. दोन वाक्यांतला फरक व्यवहारात मोठा आहे. कुणी बाटलीत मंतरलेलं पाणी भरून दिलं आणि पी तीन टक्के आली, तरी मी त्यावर पैसे लावणार नाही, पुन्हा करून बघेन. ट्रायकोडर्मासारख्या (रोगाच्या बुरशीला रोखणारी ही मित्रबुरशी), ज्याचं काम कसं होतं हे ठाऊक आहे अशा गोष्टीला तोच आकडा मिळाला, तर मी जास्त लवकर विश्वास ठेवीन.

परवडतं का, हा वेगळा हिशेब

फरक आहे का, यापेक्षा किती आहे, हे आबांना जास्त हवं असतं, आणि त्यांचं बरोबर आहे. ०.५७ ला २.३६५ नं गुणा: १.३४. सरासरी दीडच्या दोन्ही बाजूंना एवढं अंतर धरा. म्हणजे खरा फायदा तुकड्यामागे ०.१६ पासून २.८४ किलोपर्यंत कुठेही असू शकतो.

एकरात असे सुमारे ४३५ तुकडे. मधला आकडा धरला तर साडेसहा क्विंटल ओली हळद. शिजवून, वाळवून पाचवा हिस्सा उरला तर एक क्विंटल तीस किलो. खालचं टोक धरलं तर ओली सत्तर किलो, वाळून चौदा. आता सांगलीच्या सौद्यात त्या दिवशी निघालेला दर घ्या आणि औषध, मजुरी, काढणी-शिजवणीचा जादा खर्च वजा करा. चौदा किलोंतही खर्च निघत असेल तर निर्धास्त वापरा. एकशेतीस किलोंवरच निघत असेल तर अजून एक हंगाम लहान प्रमाणावर करून बघा. वरच्या टोकालाही, म्हणजे वाळलेल्या अडीच क्विंटलांतही, निघत नसेल तर पी-व्हॅल्यू कितीही लहान असू दे, ते औषध आपल्यासाठी नाही.

उलट बाजूही सांगते. 'फरक सिद्ध झाला नाही' म्हणजे 'फरक नाही' नव्हे. कदाचित जोड्याच कमी होत्या. ढोबळ हिशेब असा: फरकांच्या प्रमाणित विचलनाला, आपल्याला पकडायच्या असलेल्या फरकानं भागा, वर्ग करा, आठानं गुणा. खरोखर तेवढा फरक असेल, तर तेवढ्या जोड्यांत तो दहांत आठ वेळा सापडतो. आपल्या १.६ विचलनाला दीड किलो पकडायचं तर नऊ-दहा जोड्या, संख्या लहान म्हणून दोन वाढवून बारा. पाऊण किलो पकडायचं तर छत्तीस-सदतीस. फरक निम्मा की जोड्या चौपट. आठ जोड्यांत पाऊण किलोचा शोध घेणं म्हणजे अंधारात सुई शोधणं, आणि ती न सापडल्यावर सुईच नव्हती म्हणणं अन्यायाचं.

मेलं की जगलं, एवढंच मोजायचं असेल तेव्हा

कधी वजन नसतं, नुसती मोजदाद असते: रोप कुजलं की टिकलं, रुग्ण वाचला की गेला. तिथे काय-स्क्वेअर चाचणी उपयोगी पडते. उदाहरण खरंच घेऊ. सांगली-मिरज रस्त्यावरच्या वानलेसवाडीत क्षयरोग्यांचं सॅनेटोरियम होतं. त्या काळी जगभर क्षयावर मुख्य इलाज विश्रांती, मोकळी हवा आणि पोषण एवढाच होता. स्ट्रेप्टोमायसीन आलं तेव्हा ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलनं एक चाचणी घेतली, तिचा अहवाल १९४८ साली छापून आला. औषधाचा पुरवठा अगदी तुटपुंजा होता, सगळ्यांना देणं शक्यच नव्हतं. म्हणून यादृच्छिक आकड्यांवरून बंद पाकिटांत वाटणी ठरवली. ५५ रुग्णांना औषध आणि विश्रांती, ५२ जणांना फक्त विश्रांती. क्ष-किरण फोटो तपासणाऱ्यांना कोण कुठल्या गटातला, हे माहीत नव्हतं. आपल्या आईच्या डब्यातल्या पाकिटासारखंच.

सहा महिन्यांत औषधाच्या गटातले ४ दगावले, दुसऱ्या गटातले १४. एकूण १०७ पैकी १८. औषध निकामी असतं तर हे १८ मृत्यू गटांच्या आकारानुसार वाटले गेले असते: औषध गटात ९.२५, दुसऱ्या गटात ८.७५. वाचलेल्यांचंही तसंच: ४५.७५ आणि ४३.२५. चारही घरांत प्रत्यक्ष आणि अपेक्षित आकड्यांतलं अंतर ५.२५ येतं. त्याचा वर्ग २७.५६. तो चारही अपेक्षित आकड्यांनी वेगवेगळा भागून बेरीज करा: २.९८, ३.१५, ०.६०, ०.६४, मिळून सुमारे ७.४. पाच टक्क्यांचा उंबरठा ३.८४. आपण त्याच्या खूप पुढे आहोत, पी एक टक्क्याच्याही खाली. अपेक्षित आकड्यांपैकी एखादा पाचापेक्षा लहान असेल तर ही रीत वापरू नका, तिथे फिशर यांची अचूक चाचणी घ्या.

काही वर्षांनी, १९५६ पासून, मद्रासला दुसरा प्रश्न याच रीतीनं विचारला गेला: गोळ्या सॅनेटोरियममध्ये राहून घेतल्या काय आणि घरी राहून घेतल्या काय, फरक पडतो का? १९५९ सालच्या अहवालात घरचे उपचार जवळजवळ तितकेच गुणकारी ठरले. गरिबांच्या घरादाराला ज्यानं इतका दिलासा दिला, असा मोजणीचा निकाल क्वचितच असेल.

माणसांवर मात्र आपण घरी प्रयोग करायचे नाहीत. रक्तदाबाची गोळी नाणं उडवून सोडायची नाही. तिथे नैतिकता समिती, रुग्णाची लेखी संमती आणि देशाच्या क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत नोंद लागते. ही रजिस्ट्री २००७ साली सुरू झाली आणि २००९ पासून नोंद सक्तीची आहे. आपलं काम बातमी वाचताना प्रश्न विचारण्याचं: तुलनेचा गट होता का? वाटणी चिठ्ठीनं झाली का? मोजणाऱ्याला माहीत होतं का? काय मोजायचं ते आधी ठरलं होतं का? किती जण मध्येच सोडून गेले, आणि त्यांचा हिशेब कुठे आहे?

डेमो प्लॉटसमोर उभं राहताना

काही वर्षांपूर्वी एका डेमो प्लॉटवर आम्हालाही नेलं होतं. हळद छातीएवढी, पाला काळाभोर. आम्ही त्या वर्षी घरच्या सगळ्या रानाला ते टॉनिक सोडलं आणि पैसे गेले. नंतर कळलं, की तो प्लॉट गावातल्या सगळ्यात चांगल्या मातीचा होता आणि अशा अनेक प्लॉटांपैकी तेवढाच दाखवायला निवडला होता. मला त्याचं अजून वाईट वाटतं, कारण घरात संख्याशास्त्र शिकवणारी मी होते आणि मी एकही प्रश्न विचारला नाही. आता विचारते. शेजारी औषध न दिलेला वाफा दाखवा. कुठला वाफा कुणी निवडला ते सांगा. असे प्लॉट एकूण किती केले आणि बाकीचे कुठे आहेत?

सगळ्या रानाला एकदम औषध सोडलं की त्या वर्षी काहीच शिकता येत नाही. पाऊस चांगला झाला, दर वाढला, पीक आलं, सगळं मिसळून जातं. आठ जोड्या म्हणजे सोळाशे चौरस फूट, दीड गुंठ्यापेक्षा किंचित कमी. बाकी रान नेहमीसारखंच.

यंदा आबांनी बारा जोड्या घेतल्या आहेत. नाणं त्यांनी स्वतः उडवलं, आणि चोपणातल्या एका जोडीत बऱ्या दिसणाऱ्या तुकड्याला साधं पाणी आलं तेव्हा थोडे हळहळले, पण वहीतलं खोडलं नाही. पाकीट डब्यात आहे. पाला कापून काढणी फेब्रुवारीत.